विलंबाचे लेखाशीर्ष

इन्फोसिस ही कंपनी पुण्यात जन्माला आली ही गोष्ट बंगळूरला स्थायिक झालेल्या पुष्कळ मराठी मंडळींना ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते ते ती किंचित हळहळीने सांगतात. पुण्याने काय गमावले, महाराष्ट्राने कसे दुर्लक्ष केले, अशा वळणावर मग ते संभाषण जाते. मला ती हळहळ पुरती पटत नाही. कंपनी एका गावाहून दुसऱ्या गावी का गेली यापेक्षा, अशी कंपनी आपल्या पायांवर उभी राहायला दहा वर्षे का लागली, हा प्रश्न प्रशासनात काम करणाऱ्या माणसाला अधिक अस्वस्थ करणारा आहे. त्याचे उत्तर शोधू लागले की आज घरापासून दूर राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या स्थलांतराचा एक धागाही हाती लागतो.

आउटसोर्सिंग या शब्दाला अलीकडे मोठा रुबाब आला आहे. त्यामागची पद्धत मात्र आपल्याकडे जुनीच आहे. सोलापुरात विडी कारखान्यातून पाने आणि तंबाखू मोजून घ्यायची, घरी विड्या वळायच्या आणि जुड्या मोजून परत द्यायच्या, हा व्यवहार तेथील स्त्रिया पिढ्यानपिढ्या करीत आल्या आहेत. काम देणारा एकीकडे, काम करणारा दुसरीकडे, आणि मध्ये मोजमापाचा करार. सॉफ्टवेअरच्या धंद्यात फरक इतकाच की कच्चा माल म्हणजे केवळ लेखी माहिती असते आणि तयार मालही लेखीच असतो. त्यामुळे दोन टोकांमधले अंतर पाच मैलांचे आहे की आठ हजार मैलांचे, याने तत्त्वतः काही बिघडत नाही. व्यवहारात किती बिघडते, हे मात्र मधल्या वाटेवर कोण बसले आहे यावर अवलंबून असते.

ही कल्पना प्रथम ज्यांना सुचली त्यांत नरेंद्र पटणी आणि पूनम पटणी या दांपत्याचे नाव घ्यावे लागेल. १९७० च्या दशकाच्या आरंभी ते अमेरिकेत केंब्रिज येथे राहत होते. कागदावरचा मजकूर संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात भरून देण्याचे काम भारतात करून घेता येईल का, हे पाहण्यासाठी त्यांनी घरातच एक प्रयोग केल्याचे सांगितले जाते. एक खोली अमेरिका, दुसरी खोली भारत. दोन खोल्यांमध्ये बोलायचे नाही, जे सांगायचे ते फक्त लिहून. हा प्रयोग जमला आणि पुढे पुण्यात प्रत्यक्ष काम सुरू झाले. बाहेर काम देण्याघेण्याचे सगळे शास्त्र या दोन खोल्यांत आले आहे, असे मला वाटते. ज्याला आपली गरज स्पष्ट लिहिता येते आणि ज्याला लिहिलेल्या प्रश्नाचे वेळेवर लेखी उत्तर मिळते, त्याचेच काम दुसऱ्या गावाहून होऊ शकते. योगायोग असा की शासनाचा कारभारही लेखीच चालतो. तेथे कमतरता लेखनाची नसते; वेळेवर मिळणाऱ्या उत्तराची असते.

याच पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्स या कंपनीच्या मुंबई कार्यालयात नागवार रामाराव नारायण मूर्ती सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख होते. त्याआधी त्यांनी पुण्यात सॉफ्ट्रॉनिक्स नावाची स्वतःची कंपनी काढून पाहिली होती. ती दीड-दोन वर्षांतच बंद करावी लागली, कारण देशात सॉफ्टवेअर विकत घेणारे गिऱ्हाईकच नव्हते. संगणक मोजके, त्यांचे मालक बहुतेक सरकारी किंवा मोठ्या संस्था, आणि आज्ञावलीसाठी वेगळे पैसे मोजायचे असतात ही कल्पनाच रुजलेली नव्हती. म्हणजे नव्या धंद्याला बाजार हवा असेल तर तो परदेशातच शोधावा लागणार, हा धडा त्यांना या अपयशातून मिळाला होता.

१९८१ साली मूर्ती, नंदन निलेकणी, एन. एस. राघवन, एस. गोपालकृष्णन, एस. डी. शिबुलाल, के. दिनेश आणि अशोक अरोरा अशा सात जणांनी मिळून नवी कंपनी काढायचे ठरविले. २ जुलै १९८१ रोजी इन्फोसिस कन्सल्टंट्स प्रायव्हेट लिमिटेड या नावाने तिची पुण्यात नोंदणी झाली. नोंदणीकृत कार्यालय म्हणजे मॉडेल कॉलनीतले राघवन यांचे घर. भांडवलाला सुधा मूर्ती यांनी आपल्या शिलकीतून दिलेले दहा हजार रुपये. पहिले गिऱ्हाईक न्यूयॉर्कची डेटा बेसिक्स कॉर्पोरेशन. आज ज्याला आपण स्टार्टअप म्हणतो त्याची सगळी लक्षणे येथे आहेत: थोडे पैसे, जमलेले सहकारी, भाड्याची किंवा घरचीच जागा आणि हातात एक काम. एकच वस्तू नव्हती, ती म्हणजे संगणक.

सॉफ्टवेअर कंपनीकडे संगणक नसणे हे शिंप्याकडे शिलाई यंत्र नसण्यासारखे आहे. तो देशात सहज मिळत नव्हता आणि बाहेरून आणायचा तर परवाना हवा होता. येथे त्या काळच्या अधिकाऱ्यांवर सरसकट दोष ठेवणे मला योग्य वाटत नाही. परकीय चलनाची खरोखरच चणचण होती. खनिज तेल, खते, औषधे यांसाठी डॉलर राखून ठेवायचे, तर चार तरुणांच्या हाती त्यांतले काही लाख कोणत्या विश्वासावर द्यायचे, हा प्रश्न खोटा नव्हता. १९७२ सालीच इलेक्ट्रॉनिक्स विभागाने एक योजना आखली होती. निर्यातीसाठी संगणक आयात करू द्यायचा. त्या बदल्यात आयात किमतीच्या दुप्पट रकमेचे सॉफ्टवेअर पाच वर्षांत निर्यात करण्याची हमी घ्यायची. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली याच वाटेने १९७४ च्या सुमारास बरोज कंपनीचे यंत्र आणून निर्यातीचा श्रीगणेशा केला. योजनेचा हेतू चांगला होता. पण ती हमी पेलण्यासाठी पाठीशी टाटांसारखे घर लागत होते. शिवाय सर्वसाधारण आयात शुल्क संगणकाच्या मूळ किमतीहूनही अधिक होते, आणि प्रत्येक अर्ज दिल्लीत, एकेका विभागातून फिरत, तपासला जात होता.

मूर्तींनी त्या दिवसांविषयी पुढे अनेकदा सांगितले आहे. संगणकाच्या परवान्यासाठी दिल्लीच्या वाऱ्यांवर वाऱ्या, टेलिफोनच्या जोडणीसाठी वर्षभराची प्रतीक्षा, परदेशी गिऱ्हाइकाला भेटायला जायचे तर परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेची मंजुरी. जुलै १९८१ मध्ये निघालेल्या कंपनीचा पहिला संगणक, डेटा जनरल कंपनीचे एमव्ही ८००० हे यंत्र, येईपर्यंत १९८४ साल उजाडले.

मग मधल्या काळात काम कसे झाले? कंपनीचे भागीदार अमेरिकेत गेले आणि गिऱ्हाइकाच्या कार्यालयात, त्याच्याच यंत्रावर, काम करू लागले. मूर्ती येथे राहिले. यंत्र माणसाकडे येऊ शकत नव्हते म्हणून माणूस यंत्राकडे गेला. एका कंपनीपुरती ही गोष्ट नव्हती. १९८० च्या दशकाच्या अखेरीसही भारताच्या सॉफ्टवेअर निर्यातीच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग असा परदेशी जागेवर जाऊन केलेल्या कामाचाच होता. या पद्धतीला 'बॉडी शॉपिंग' असे हिणकस नाव पडले. बुद्धिमान तरुणांच्या परदेशगमनावर तेव्हा आपल्याकडे पुष्कळ टीका झाली. त्यांच्या देशप्रेमाविषयीही शंका घेतल्या गेल्या. पण त्यांतल्या कित्येकांना देशाबाहेर नेणाऱ्या कारणांत आपल्याच एखाद्या कार्यालयात 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन पडून राहिलेली फाइलही होती, हे त्या टीकेत कोठे आले नाही. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या ज्या मराठी कुटुंबांची कहाणी त्या दशकात सुरू होते, त्यांनी ही बाजूही लक्षात घ्यावी असे मला वाटते.

आता पुण्याच्या हळहळीविषयी. १९८३ मध्ये इन्फोसिसला देशातले पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले ते बंगळूरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे सर्वांच्या परिचयाची मायको. आयात केलेला संगणकही मायकोच्याच आवारात ठेवला गेला. गिऱ्हाईक तेथे, यंत्र तेथे, तेव्हा कंपनीही तेथे गेली. भारतीय विज्ञान संस्था, हिंदुस्थान एरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज अशा संस्थांमुळे बंगळूरला अभियंत्यांची पिढी तयार होती. शिवाय कर्नाटक राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने, म्हणजे केऑनिक्सने, आर. के. बाळिगा यांच्या पुढाकाराने शहराच्या दक्षिणेला सुमारे ३३० एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स सिटी वसवायला १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरुवात केली होती. पण पुण्याहून बंगळूरला आल्याने टेलिफोन लवकर मिळाला किंवा दिल्लीची वारी टळली असे काही झाले नाही. अडथळा केंद्राच्या कायद्यांचा आणि पद्धतीचा होता. तो दोन्ही गावांत सारखाच होता.

नोव्हेंबर १९८४ मध्ये नवे संगणक धोरण आले. एन. शेषगिरी यांच्यासारख्या अधिकाऱ्यांचा त्यात मोठा वाटा होता. सॉफ्टवेअर हा उद्योग आहे, हे शासनाने प्रथमच मान्य केले. आज ऐकताना हसू येईल, पण त्याआधी बँकेच्या दृष्टीने आज्ञावली लिहिणारी कंपनी कारखानाही नव्हती आणि दुकानही नव्हते. तिच्याकडे तारण ठेवण्यासारखे काही नसे. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी बंगळूरला आली आणि तिने उपग्रहाच्या दुव्याने येथील अभियंत्यांचे काम थेट अमेरिकेत पाठविण्याची सोय मागितली. अँटेनाचे सामान बैलगाडीतून नेल्याची आठवण अजून सांगितली जाते. त्या बैलगाडीचे कौतुक पुष्कळ झाले. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की दूरसंचार ही सरकारची मक्तेदारी असताना एका खाजगी कंपनीच्या कामासाठी असा दुवा देण्याची वाट कोणीतरी शोधली, टिप्पणी लिहिली आणि तिच्यावर सही केली. एकदा दिलेला दुवा हे दाखवून गेला की माणसाला यंत्राकडे पाठविण्याची गरज नाही.

पण मोठ्या परदेशी कंपनीला जे मिळाले ते छोट्या देशी कंपनीला परवडणारे नव्हते. १९९० च्या सुमारास इन्फोसिसच्या भागीदारांची बैठक झाली, तेव्हा कंपनी दहा लाख डॉलरला विकत घेण्याचा प्रस्ताव समोर होता. अशोक अरोरा आधीच बाहेर पडले होते. नऊ वर्षे काटकसरीत काढलेल्या इतरांनाही विकून मोकळे व्हावे असे वाटू लागले होते. मूर्तींनी सर्वांचे म्हणणे ऐकून घेतले आणि ज्यांना जायचे असेल त्यांचे भाग आपण विकत घेतो असे सांगितले. त्यावर कोणीच गेले नाही. ही गोष्ट आज जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु प्रशासकाने तिच्यातला दुसरा अर्थ वाचावा. या सहा जणांनी विकायचे ठरविले असते तर त्याची नोंद कोठल्याही सरकारी कागदावर झाली नसती. परवाना नाकारल्याची नोंद होते, चुकीचा परवाना दिल्यास चौकशी होते. पण परवाना उशिरा दिल्यामुळे जो धंदा उभाच राहिला नाही, त्याचा हिशेब कोणी मागत नाही. आपल्या अंदाजपत्रकात प्रत्येक खर्चाला लेखाशीर्ष असते. विलंबाला मात्र ते नाही, म्हणून तो फुकट वाटतो.

१९९० मध्ये एन. विठ्ठल इलेक्ट्रॉनिक्स विभागाचे सचिव झाले. ते भारतीय प्रशासन सेवेच्या गुजरात केडरचे अधिकारी. पूर्वी कांडला मुक्त व्यापार क्षेत्राचे विकास आयुक्त होते. भिंतीआडचे निर्यात क्षेत्र कसे चालते आणि कोठे अडते हे त्यांनी जवळून पाहिले होते. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क ही योजना त्यांच्या काळात आकाराला आली. प्रथम बंगळूर, पुणे आणि भुवनेश्वर येथे अशी केंद्रे निघाली, आणि जून १९९१ मध्ये ती सर्व एका स्वायत्त संस्थेखाली आणली गेली. पुणे पहिल्या तिघांत होते, हे हळहळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

या योजनेची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. कांडला किंवा मुंबईचे सीप्झ ही कुंपण घातलेली क्षेत्रे होती. सवलत हवी तर आत जावे लागे. येथे 'पार्क' हे नाव असले तरी कुंपण नव्हते. कंपनीने शहरात कोठेही, अगदी एखाद्या इमारतीच्या मजल्यावर जागा घ्यावी. तिला नोंदणी मिळाली की ती जागाच शुल्कमुक्त क्षेत्र मानली जाई. दुसरे, नोंदणीचे आणि आयातीस संमती देण्याचे अधिकार स्थानिक केंद्राच्या संचालकाला दिले गेले. दिल्लीची वारी संपली ती येथे. तिसरे, संस्थेने स्वतःचे उपग्रह केंद्र उभारले आणि तेथून कंपन्यांच्या गच्चीपर्यंत सूक्ष्मलहरींचा दुवा दिला. जमिनीखालच्या टेलिफोन तारेची वाट पाहण्याचे कारणच उरले नाही, आणि एका मोठ्या कंपनीला परवडणारी सोय अनेक छोट्या कंपन्यांत वाटली गेली.

चौथी गोष्ट लहान वाटेल, पण मला ती सर्वांत कल्पक वाटते. निर्यात म्हटली की माल सीमाशुल्क चौकीतून जातो आणि तेथे शिक्का बसतो. चुंबकीय फितीवरचे सॉफ्टवेअर निदान चौकीवर दाखविता येत होते. उपग्रहातून गेलेल्या मालाचे काय? तो कोणी पाहिलेलाच नाही, तर परदेशातून आलेले पैसे निर्यातीचे आहेत हे कसे ठरवायचे? यासाठी सॉफ्टेक्स नावाचा नमुना तयार झाला आणि तो प्रमाणित करण्याचे काम याच संस्थेच्या अधिकाऱ्यांकडे आले. न दिसणाऱ्या मालाला कागदोपत्री अस्तित्व मिळाले. एक साधा नमुना वेळेवर तयार करणे हीसुद्धा केवढी देशसेवा असू शकते, याचे हे उदाहरण आहे.

त्याच काळात १९९१ च्या आर्थिक सुधारणांनी परकीय चलनाचे नियम सैल झाले, आणि १९९२ मध्ये भांडवल निर्गम नियंत्रकाचे पद रद्द झाले. तोपर्यंत शेअर किती किमतीला विकायचा हे दिल्लीतून ठरत असे. फेब्रुवारी १९९३ मध्ये इन्फोसिसचा शेअर ९५ रुपयांना बाजारात आला. लोकांचा प्रतिसाद अपुरा पडला आणि एका परदेशी गुंतवणूक संस्थेने उरलेला वाटा उचलला. मार्च १९९९ मध्ये हीच कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेली. देशाची सॉफ्टवेअर निर्यात १९९०-९१ मध्ये सुमारे १३ कोटी डॉलर होती. २०००-०१ मध्ये ती ६०० कोटींच्या वर गेली. इन्फोसिसही पुण्याला परतली. हिंजवडीत तिचे मोठे आवार आहे.

या यशाचे श्रेय पुष्कळदा करमाफीला दिले जाते. या योजनेखालच्या कंपन्यांना प्राप्तिकरातून सूट होती आणि ती ३१ मार्च २०११ रोजी संपली. त्यानंतर काही कंपन्यांनी विशेष आर्थिक क्षेत्रांचा आश्रय घेतला हे खरे, पण निर्यात वाढतच राहिली. सुरुवातीच्या दिवसांत, जेव्हा नफाच तुटपुंजा होता, तेव्हा करमाफीचे मोल ते किती? शासनाने या उद्योगाला दिलेली सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे त्याचा स्वतःचा वेळ होती. तो मुळात त्याचाच होता. आपण तो परत केला.

मात्र येथे एक कटू गोष्ट मान्य केली पाहिजे. आपण वाट मोकळी केली ती एका उद्योगापुरती. भिंत तशीच ठेवून तिच्यात एक दार पाडले. सॉफ्टवेअर कंपनीला एका संचालकाची सही पुरत होती, तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या लेथवाल्याला आणि पिठाच्या गिरणीवाल्याला पूर्वीइतकेच उंबरठे झिजवावे लागत होते. त्यांची निर्यात नव्हती आणि त्यांची बाजू दिल्लीत मांडणारी संघटनाही नव्हती. शिवाय अपवाद करून उपग्रहाचा दुवा देता येतो. रस्ता, पाणी, सांडपाणी अपवादाने देता येत नाही. इलेक्ट्रॉनिक्स सिटीत राहणाऱ्या-जाणाऱ्या मराठी वाचकांना हे मी सांगायला नको. तेथून निघालेली आज्ञावली १९९० च्या दशकातच क्षणार्धात बोस्टनला पोहोचत होती. तेथे मेट्रो पोहोचायला मात्र ऑगस्ट २०२५ उजाडला.

आज बंगळूरला नवी कंपनी काढणाऱ्या तरुणाला संगणक विकत घ्यावा लागत नाही. तो तासाच्या भाड्याने मिळतो. एके काळी परदेशाचे काम मागून आणणारे हे शहर आता आपले काम इतरांना देते. नवी कंपनी आपल्या आज्ञावलीचा काही भाग कोल्हापूरच्या किंवा नाशिकच्या छोट्या गटाकडून करून घेऊ शकते, आणि त्या गटातल्या मुलाला त्यासाठी गाव सोडावे लागतेच असे नाही. पटणींच्या दोन खोल्यांचा नियम येथेही तोच: स्पष्ट लिहा आणि वेळेवर उत्तर द्या.

हा नियम प्रशासनाने स्वतःला लावून घ्यावा एवढेच माझे म्हणणे आहे. सेवा हमीचे कायदे झाले, अर्ज संगणकावर आले, हे चांगलेच आहे. पण संगणकावरची फाइलही 'चर्चा करावी' म्हणून परत पाठविता येते. प्रत्येक कार्यालयाने वर्षाअखेरीस खर्चाच्या ताळेबंदाबरोबर आणखी एक पान जोडावे: किती अर्ज आले, प्रत्येकाला किती दिवस लागले, आणि त्यांतले किती दिवस अर्जदाराच्या चुकीने नव्हे तर आपल्या टेबलावर गेले. १९८१ ते १९८४ या काळाचे असे एखादे पान कोणी लिहून ठेवले असते, तर पुण्याने काय गमावले याची चर्चा आज आपल्याला वेगळ्या शब्दांत करता आली असती. तेव्हा ते लिहिले गेले नाही. पुढचे पान लिहिणे आपल्या हाती आहे.